तांबडी का पांढरी

चष्मा घरीच राहिला, हे गणपतराव खोराट्यांनी उचगावचा पूल यायच्या आत तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा कुठं संयोगिताच्या जिवात जीव आला. सासऱ्याचा चष्मा विसरला म्हणून सुनेला हायसं वाटावं, हे काही बरं लक्षण नाही. पण चष्मा नाही म्हणजे पाट्या वाचायला नकोत, आणि पाट्या वाचल्या नाहीत म्हणजे आज दिवसभर जे काही बघायचं त्याला सगळ्यांना मिळून 'रस' म्हणता येईल. चष्म्याचं काळं घर आबांच्या सदऱ्याच्या खिशातून चांगलं बोटभर वर आलेलं होतं. ते ट्रॅव्हलर गाडीतल्या कुणालाच दिसलं नाही. न बघण्याच्या बाबतीत खोराट्यांच्या घरात कुणी कुणाला हार जात नव्हतं.

रस हा शब्द संयोगितानंच घरात आणला होता. तेजस्वी, तिची एकुलती एक लेक, चार वर्षांपूर्वी पुण्याहून शिकून पलूसच्या पुढं एका वायनरीत नोकरीला लागली. त्या दिवशी संयोगितानं आबांच्या हातावर पेढा ठेवला, आणि "कशाच्या कारखान्यात?" या प्रश्नाला "द्राक्षाच्या रसाच्या" असं उत्तर दिलं. खोटं त्यात काही नव्हतं. रस काढतातच. पुढं तो महिनोन् महिने टाकीत का ठेवतात, एवढं सांगायचं राहिलं. आबांनी हयातभर गुऱ्हाळ चालवलेलं, ते म्हणाले, "रसाला मरण न्हाय." तेव्हापासून तेजू रसात होती. शेजारीपाजारी, पैपाहुणे, सगळ्यांना ती रसातच ठाऊक होती.

कारण घरात शपथ होती. आबांचे वडील पिराजी दारूपायी गेले आणि विशीतल्या गणपतरावांनी जोतिबाच्या डोंगरावर गुलाल मुठीत घेऊन सांगितलं, की खोराट्याच्या घरातलं कुणीबी दारूला हात लावणार न्हाय. ती शपथ अजून शाबूत होती. धाकटे चिरंजीव विश्वजित वर्षातून दोनदा गोव्याला जात, पण ती हवापालट. खुद्द आबा पंधरा वर्षं साखर कारखान्याचे डायरेक्टर होते आणि मळीपासून काढलेल्या स्पिरिटचे टँकर त्यांच्या डोळ्यांदेखत गेटबाहेर पडत; पण त्याला कारखान्याच्या अहवालात 'उपपदार्थ' म्हणतात. शब्द नीट निवडला की शपथेला कुठं ओरखडा येत नाही.

आजची सहल मात्र हवापालटासाठी नव्हती. कागलजवळ हायवेला लागून खोराट्यांचा वरचा माळ होता. विश्वजितला आणि त्याच्या बायकोला, मोनाला, तिथं लग्नाचं लॉन काढायचं होतं. तेजस्वीला तिथं द्राक्षं लावायची होती, स्वतःची. "आधी पोरगी काय करत्या ते बघू, मग रविवारी संध्याकाळी जेवताना माळाचं सांगतो," असं आबा म्हणाले होते. संयोगिताचा नवरा सम्राट अशा प्रसंगी हमखास रत्नागिरीला कामात असे, तसा आजही होता. म्हणजे लेकीच्या बाजूनं बोलायचं तर ती एकटीच होती, आणि तिचं सगळं बोलणं त्या एका शब्दावर उभं होतं.

पुढच्या सीटवर आबांच्या थोरल्या बहीण विठाबाई बसल्या होत्या. माळाच्या सातबाऱ्यावर त्यांचंही नाव होतं, त्यामुळं त्यांच्या अंगठ्याशिवाय पान हलणार नव्हतं. म्हणून मोनानं त्यांच्या पाठीला उशी दिली होती आणि संयोगितानं मांडीवर पुरणपोळीचा डबा. विठाबाईंनी दोन्ही ठेवून घेतलं.

"मुनव्वर," त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "तुला ठाव हाय न्हवं, कुठं जायचं ते?"

"व्हय आज्जी. रसाच्या कारखान्यात," मुनव्वर आरशात बघत म्हणाला. तो घरच्यासारखाच होता.

*

पहिला मुक्काम 'शाही व्हॅली'. कमानीवर प्लॅस्टिकच्या द्राक्षांचे घोस आणि पलीकडं वेलांवर खरे. लोक फोटो कमानीखाली काढत होते. फेब्रुवारीचं ऊन, तोडणीचा हंगाम, पुण्या-मुंबईच्या गाड्या. अंगणात एक मोठा लाकडी टब आणि त्यात गुडघाभर काळी द्राक्षं. पुण्याच्या गाईडबाई प्रत्येकाला त्यात उतरायचा आग्रह करत होत्या.

"आजी, या ना. पायांनी तुडवायची. मजा येते."

"खायच्या जिनसाला पाय लावायचा?" विठाबाई म्हणाल्या. "तुमास्नी घरात कोन काय सांगत न्हाय व्हय?"

पण मोना जीन्स दुमडून केव्हाच आत उतरली होती आणि विश्वजित मोबाईल धरून तिचं रील काढत होता. विठाबाईंनी ते बराच वेळ बघितलं. मग चपला काढल्या, वाकून टबातल्या द्राक्षांना हात लावला, तो कपाळाला लावला, चुकून कुणाला पाय लागल्यावर लावतात तसा, आणि नऊवारीचा घोळ वर खोचून आत पाऊल टाकलं. एकदा माफी मागितल्यावर त्यांना बाहेर काढणं अवघड झालं.

"गार लागतंय गं, संयोगिता. टाचंच्या भेगास्नी बरं वाटतंय."

"आक्का, पडशील," आबा लांबून म्हणाले.

"पडलो तर पडलो. तू तिकडं बग."

मी पडलो, मी आलो, मी घेतो: कोल्हापूरकडच्या बायका स्वतःविषयी असंच बोलतात. गाईडबाई मात्र प्रत्येक वेळी कोण पुरुष बोलला ते वळून बघत होत्या.

नंतर सगळ्यांना चव घ्यायच्या हॉलमध्ये नेलं. आबा बाहेरच थांबले. "माजं पोट बरं न्हाय. मी सावलीला बसतो," म्हणाले आणि ज्या खुर्चीतून हॉलमधलं सगळं नीट दिसत होतं ती निवडून बसले. आत गाईडबाईंनी प्रत्येकाच्या ग्लासात तळाला जेमतेम ओल येईल एवढी वाइन ओतली. विठाबाईंनी ग्लास वर धरून बघितला.

"एवढंच? पावणं म्हनून बोलावलंसा न्हवं?"

"आजी, ही फक्त चवीपुरती. आधी ग्लास फिरवायचा, वास घ्यायचा, एक घोट तोंडात घोळवायचा आणि मग इथं थुंकून टाकायचा," गाईडबाईंनी टेबलावरचं स्टीलचं भांडं दाखवलं.

विठाबाई जिथं वाढल्या तिथं पावण्यानं ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून रस्सा वाढतात. दिलेलं थुंकायचं, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. शेवटी त्यांनी आपल्या पद्धतीनं तोड काढली. तोंडातली मिश्री त्या भांड्यात थुंकली, चूळ भरली, आणि ग्लास सरळ रिकामा केला.

"आंबाट हाय. गूळ टाकत न्हाईसा व्हय?"

"आजी, यात थोडा तंबाखूचा, थोडा चामड्याचा वास जाणवतो का बघा."

"तंबाखू माज्या तोंडाची आसंल. आनि चामड्याचं म्हनशील तर ह्या इश्वजितनं नव्या चपला घातल्यात. आन, दुसरी दाव. मी घेतो."

संयोगितानं आपला ग्लास तसाच ठेवला होता. तिचं लक्ष दिराच्या मनगटाकडं होतं. विश्वजितनं ग्लास दोन बोटांत धरून असा सफाईनं फिरवला, की गोव्याची हवा एकदम हॉलमध्ये आली. वहिनी बघतेय हे दिसल्यावर तो थांबला आणि तिच्याजवळ सरकला.

"वहिनी, दुपारी तेजूकडं गेलो की आबांस्नी कळणारच बगा. मी एक शब्द बोलणार न्हाय. तुमी तरी किती दीस रस रस करणार?"

"भाऊजी, त्यांचा चष्मा राहिलाय."

"वास घ्यायला चष्मा लागत न्हाय, वहिनी," तो मोठ्या मायेनं म्हणाला आणि ग्लास संपवला.

तेव्हा तिला कळलं, की ट्रॅव्हलरचं भाडं त्यानं आपणहून का भरलं. ती धास्तावली. चार वर्षं विणलेलं आता एका वासानं उसवणार होतं, आणि उसवायला तिनं स्वतःच सगळ्यांना गाडीत घालून आणलं होतं.

*

तेजस्वीची वायनरी पलूसच्या पुढं, माळाच्या कडेला होती. नाव 'पाणंद', कारण तिथं जायला शेताशेतांमधली अरुंद पाणंदच होती. ट्रॅव्हलर अर्ध्यातच सोडून चालत जावं लागलं. कमान नाही, टब नाही. एक पत्र्याची शेड, आत स्टीलच्या टाक्या, आणि गमबूट घातलेली तेजस्वी. तिचे हात मनगटापर्यंत जांभळे झाले होते. आबांच्या पाया पडताना तिनं ते पाठीमागं धरले, म्हणून पाया पडणं जरा वाकडंच झालं.

"या आबा. मी आतलं दाखवते," ती म्हणाली. पुण्यानं तिला 'दाखवते' शिकवलं होतं.

आबा एका उघड्या टाकीपाशी थांबले. आत काळ्या सालींचा जाड थर वर आला होता, खालून बुडबुडे येत होते आणि मधूनमधून तो थर उसासा टाकल्यासारखा हलत होता. गुऱ्हाळ चालवलेल्या माणसाला राहवेना.

"ह्ये उकळतंय की गं. खाली जाळ कुठाय?"

"जाळ लागत नाही आबा. आपलंआपण उकळतंय."

"मग ह्येचं हुतंय काय?"

विश्वजित छताकडं बघू लागला. तेजस्वीनं आईकडं बघितलं, आणि लेकीच्या तोंडातून शब्द फुटायच्या आत संयोगिता घाईघाईनं म्हणाली, "रस हुतोय, आबा. रसच तो."

"कशाचा रस?" मागून विठाबाई आल्या. शाही व्हॅलीतल्या चार ग्लासांनी त्यांची जीभ मोकळी आणि चाल जरा तिरपी झाली होती. त्यांनी टाकीच्या काठाला धरून आत डोकं घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. बाहेर काढलं तेव्हा डोळे भरलेले होते. "गणपा, बाबाच्या रांजनाचा वास ह्यो."

"आक्का, गप."

"आता किती गप बसू? माळावर बोरीखाली पुरल्याला आसायचा रांजन. काकवी घालून आंबवायचा. झाकन काढलं की ह्योच वास. मी वैरनीच्या भाऱ्यात डबा दडवून कागलच्या बाजाराला न्यायचो, आनि तू बांधावर हुबा ऱ्हाऊन पोलिस येतोय का बघायचास."

तेजस्वीला काही कळेना. "पण आज्जी, पणजोबा तर पीत होते ना? दारूनंच गेले म्हणतात."

"कोन म्हनतंय? पिराजीनं जन्मात थेंब तोंडात घेतला न्हाय. गाळायचा आनि इकायचा. लांबलांबनं लोक यायचं. बाबाच्या हाताची म्हनून मागून न्यायचं. मग धरून न्हेलं त्येला. तुरुंगातनं आला तो खोकतच आला, आनि त्यातच गेला."

संयोगितानं सासऱ्याकडं बघितलं. तीस वर्षांत तिनं त्यांना चिडलेलं बघितलं होतं, निवडणुकीत पडलेलं बघितलं होतं. असं उघड्यावर पडलेलं कधी बघितलं नव्हतं. तिला त्यांची फार दया आली आणि दया आली म्हणून लाजही वाटली. आबा शेडच्या पायरीवर जाऊन बसले.

"भट्टीवाल्याच्या पोराला कारखान्यावर कोन घेनार हुतं?" ते कुणालाच न बघता म्हणाले. "बाप दारू प्यायचा म्हटलं की लोक हळहळत्यात. गाळायचा म्हटलं की उंबऱ्यावरनं परत लावत्यात. मग म्हनलं, पीत हुता."

म्हणजे खोराट्यांच्या घरात हा शब्द बदलण्याचा उद्योग संयोगिताच्या फार आधीपासून चालू होता. तिनं नुसता दारूचा रस केला होता. आबांनी सरळ बापच बदलून टाकला होता.

विश्वजितनं हे सगळं ऐकलं आणि तरी आपला मुद्दा सोडला नाही. पुढाऱ्याचा मुलगा तो. "ते आसू दे आबा, जुनं झालं. पर शपथ तर खरी न्हवं? गुलाल उचललाय तुमी. खोराट्याचं कुणी हात लावणार न्हाय म्हनून. हितं तर पोरीचं हात..." त्यानं तेजस्वीच्या हातांकडं नुसतं बोट केलं.

"शपथ हाताची हुती," विठाबाई म्हणाल्या. "सकाळी मी पाय लावलाय. तुज्या बायकूनं बी लावला, तूच फोटू काढलास. पायाचं काय म्हनतोस?"

मोना फिसकन हसली आणि मग नवऱ्याचा चेहरा बघून गप्प झाली.

तेजस्वीनं फळीवरची एक बाटली काढून आबांच्या शेजारी पायरीवर ठेवली. आबांनी बाटली उचलून मांडीवर घेतली. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला, सगळ्यांदेखत पुसला आणि डोळ्याला लावला. कुणीही 'अरे, होता की' असं म्हटलं नाही. त्यांनी बाटली उलटीसुलटी करून मागची चिठ्ठी शोधली आणि खालच्या, बनवणाऱ्याच्या नावाच्या बारीक ओळीवर बोट ठेवून वाचलं.

"तेजस्वी सम्राट खोराटे." त्यांनी मान वर केली. "ह्ये तूच?"

"मीच आबा," तेजस्वी म्हणाली. "मी दारू करतो. रस न्हाय करत." शिकून आणलेलं पुणं एका वाक्यात गळून पडलं होतं.

आबांनी चष्मा काढून परत खिशात ठेवला. "चला," म्हणाले, "उशीर हुतोय."

सगळे बाहेर पडल्यावर संयोगिता मागं राहिली. तेजस्वी हात धूत होती. पाणी जांभळं होऊन वाहत होतं, हात काही उजळत नव्हते. "आई," ती पाठमोरीच म्हणाली, "तू चार वर्षांत एकदा तरी चाखलीस का गं?"

संयोगितानं कधीच चाखली नव्हती. रस म्हणायचं तर चाखून कसं चालेल? तिनं पायरीवरची बाटली उघडून घेतली, हाताशी पेला नव्हता म्हणून फळीवरच्या स्टीलच्या वाटीत ओतली आणि औषधासारखी एका दमात प्याली. जिभेला तुरट लागली, मग घशात हळूहळू ऊब उतरत गेली. चांगली होती की वाईट हे तिला सांगता आलं नसतं. आपल्या लेकीनं हे केलंय, एवढंच तिला कळलं, आणि तेवढ्यानं तिला रडू आलं.

*

परतताना रात्रीच्या जेवणाला म्हणून तेजस्वीही गाडीत मागं येऊन बसली होती. जयसिंगपूर मागं पडल्यावर आबांनीच विषय काढला.

"माळ तेजूला."

संयोगितानं सीटची कड घट्ट धरली. विश्वजितनं खिडकीतून बाहेर बघितलं. पण मोनाचं डोकं आधीच पुढं धावलं होतं.

"आबा, विषय हार्ड! लई भारी. द्राक्षाच्या मधी लग्नं लागत्यात आता. लॉन बारकं केलं तरी चालंल. ताई, आपण दोघी मिळून करूया," ती संयोगिताकडं वळून म्हणाली. सकाळपासून जी जाऊ शत्रुपक्षात होती ती इचलकरंजी फाट्याच्या अलीकडं भागीदार झाली. विश्वजितनं बायकोकडं अशा नजरेनं बघितलं, की त्याला लॉन गेल्यापेक्षा ती फुटल्याचंच जास्त लागलेलं दिसलं.

"ऐका," आबा म्हणाले. "एकच हाय. पाटीवर द्राक्षरस लिवायचं. भाईर कुणी इचारलं तर रस म्हनायचं. आत काय करायचं ते करा."

किती सोपं होतं. संयोगितानं मनात देवाचे आभारसुद्धा मानायला सुरुवात केली होती, तेवढ्यात मागच्या सीटवरून तेजस्वी म्हणाली, "न्हाय आबा."

"काय न्हाय?"

"रस न्हाय म्हणणार. बाटलीवर पणजोबांचं नाव घालणार. पिराजी."

"मग लॉन हुईल."

"हू दे."

"तेजू," संयोगिता दबक्या आवाजात म्हणाली, "म्हण की गं रस. तोंडातनं काय जातंय? मी चार वर्षं म्हणतोय." तिचंही 'म्हणतेय' गळून पडलं होतं, हे तिला बोलल्यावर कळलं.

"तू म्हणालीस म्हणून मी घरी आल्यावर हात पाठीमागं लपवतो," तेजस्वी म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर संयोगिताला बरं वाटलं असतं, उलट बोलता आलं असतं.

विठाबाई पुढच्या सीटवर उशीला टेकून झोपल्या होत्या, निदान डोळे मिटून होत्या. पोळीचा डबा अजून मांडीवरच होता.

*

रंकाळ्याच्या बाजूच्या त्या खानावळीत खोराटे घराणं आबांच्या डायरेक्टरकीपासून जेवत होतं. लांब टेबल मिळालं, ताटं आली, सुकं मटण आलं, भाकरी आल्या. ठरल्याप्रमाणं आबा माळाचं आता सगळ्यांदेखत एकदा सांगणार होते, म्हणजे मग ते पक्कं झालं असतं. तेजस्वी मान खाली घालून भाकरी मोडत होती. तिचे जांभळे हात आता पांढऱ्या ट्यूबलाईटखाली आणखी जांभळे दिसत होते.

"काय खोराटे! सगळं लष्कर घिऊन?"

शेजारच्या टेबलावरून बाळगोंडा पाटील उठून आले. आबांच्या बरोबरीचे जुने डायरेक्टर, उचगावचे, आणि तोंडानं फटकळ. यांच्या कानावर सकाळी गेलेली गोष्ट संध्याकाळी कागलात ऐकायला मिळे. ते टेबलाच्या टोकाला उभे राहिले, एकेकाची चौकशी करत तेजस्वीपाशी आले आणि त्यांची नजर तिच्या हातांवर पडली.

"ही थोरल्याची न्हवं? हाताला काय झालंय गं बाळ? काय करत्या ही, गणपतराव?"

टेबलावरचे सगळे हात थांबले. आबांनी घास खाली ठेवला. संयोगिताला त्यांच्या ओठांवर तो शब्द जमताना दिसला, 'र' जवळजवळ बाहेर आलाच होता. त्या एका अक्षरावर माळ होता. ती गप्प बसली असती तर माळ मिळाला असता, लेकीनं उद्या भांडून का होईना घेतला असता, आणि तिनं पुन्हा घरी येताना हात मागं धरले असते.

"दारू करत्या," संयोगिता म्हणाली.

तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. दोन टेबलं पलीकडच्या लोकांनी वळून बघितलं. "द्राक्षाची. मोठ्या टाक्या हायत. चांगली करत्या. मी पिऊन बघितलीया."

मोनाच्या हातातलं लिंबू ताटात पडलं. विश्वजितनं डोळे मिटले. तेजस्वीनं मात्र मान वर करून आईकडं बघितलं, आणि ते बघणं संयोगिताला चार वर्षांत मिळालं नव्हतं. आता माळ गेला, हे तिला ठाऊक होतं. गेला तर गेला, असं मनाशी म्हणत तिनं भाकरीचं ताट लेकीकडं सरकवलं.

बाळगोंडा पाटलांनी ऐकलं ते नीट पोटात जाऊ दिलं. ते कोल्हापूरकडचे होते. त्यांना धक्का बसला असेल तरी त्यांनी विचारला तो प्रश्न इथं ताटावर बसलेल्या कुणालाही पहिला सुचतो तोच.

"तांबडी का पांढरी?"

तांबड्या आणि पांढऱ्या रश्शाच्या दोन बादल्या घेतलेला वाढपी मागं येऊन उभा होता. आपल्यालाच वाढायला सांगतायत की काय, हे न कळून तो थांबला. आबा ताटाकडं बघत होते. विठाबाईंनी आपली वाटी हळूच त्यांच्या ताटाशेजारी सरकवली, लहान भावाला आपलं देतात तशी, आणि वाट बघत बसल्या.

"दोन्ही," आबा म्हणाले.

मग त्यांनी खाली ठेवलेला घास उचलला, पण तोंडात घातला नाही. समोरच्या जुन्या डायरेक्टरकडं सरळ बघितलं.

"आमच्या बाबाचा हात हाय तिला," ते म्हणाले. "पिराजी खोराट्याचा."